लग्नाची शोभा आणि लग्नाचा खर्च
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



थोड्या खर्चात देखणे लग्न कसे करावे, या विषयावर आपण चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी केली तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी विद्वान नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा १९७५ साली उत्तीर्ण झालो, पुढे शिक्षकाची पदविका घेतली आणि अडतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना बाराखडी व पाढे शिकवले, एवढीच माझी विद्या. या विषयावर बोलण्याचा अधिकार मला असलाच तर तो दोन वह्यांमुळे आहे. माझ्या थोरल्या मुलीचे लग्न २००८ साली झाले, धाकटीचे २०२३ साली. दोन्ही लग्नांचा पैपैचा हिशेब मी ज्या वह्यांत लिहिला त्या वह्या मी टाकून दिल्या नाहीत. आज त्या बरोबर आणल्या आहेत, आणि त्यांतूनच काही वाचून दाखवणार आहे. स्वतःच्या घरची उणीदुणी चारचौघांत सांगणे बरे दिसत नाही, हे मी जाणतो. तथापि दुसऱ्याच्या घरची सांगण्यापेक्षा ते बरे.

या दोन लग्नांच्या आधी मला तिसरेच एक लग्न सांगितले पाहिजे. आमचे मूळ गाव माणदेशात. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे अशी वडीलधारी मंडळी या सभेत आहेत. त्या साली मी चौदा वर्षांचा होतो. माझे वडील आणि आई दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात. सुकडी मिळे ती आम्ही भावंडे खात असू, आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी पोटात उतरत नसत तरी उतरवीत असू. अशा दिवसांत, १९७३ च्या वैशाखात, माझ्या मोठ्या बहिणीचे लग्न ठरले. माणसे आली साठ. मांडव चार वाशांचा, वर बाभळीचे डहाळे. आंब्याच्या पानाचे तोरण दोन कोसांवरून एकाने आणले होते. जेवणाला भाकरी, पिठले आणि गुळाचा सांजा. परंतु आदल्या पहाटे आळीतल्या साऱ्या बायका जात्याभोवती बसून ज्या ओव्या गायल्या, त्या ऐकून मी उठलो, ती पहाट आज बावन्न वर्षांनीही माझ्या कानांत आहे.

यावरून कोणी असे समजू नये की मी दारिद्र्याचे कौतुक करतो आहे. ते लग्न दारिद्र्याने लहान झाले होते, शहाणपणाने नव्हे. पंगत उठल्यावर माझे वडील गोठ्यात जाऊन बसले आणि 'पोरीच्या लग्नात मला पोळी घालता आली नाही,' म्हणून मुलासारखे रडले. मी दाराशी उभा राहून ते पाहिले. त्या दिवशी माझ्या मनाने एक गाठ बांधली, की माझ्या मुलीचे लग्न मी असे करीन की तालुक्याने नाव काढावे. ती गाठ पुढे पस्तीस वर्षांनी मला कशी महाग पडली, ते आता सांगतो.

२००८ च्या मे महिन्यात थोरलीचे लग्न झाले. तिथी दाट होती. एकाच दिवशी तालुक्याच्या गावी जितकी कार्यालये तितकी लग्ने, आणि मंडपवाला, आचारी, बँडवाला, सगळ्यांचेच दर चढलेले. बैठकीत वरपक्षाने एक कागद पुढे ठेवला. मी तो वाचलाही नाही, अभिमानाने म्हणालो, "तुमच्या मनाजोगते होईल." वस्तुतः ती माणसे वाईट नव्हती. मी दोन बाबी कमी करा असे म्हटले असते तर त्यांनी केल्या असत्या, हे पुढे त्या व्याह्यांनीच मला सांगितले. पण मी म्हटले नाही.

पहिल्या वहीतले आकडे वाचतो. जेवणाची पाने १,४००, स्वयंपाकाचा खर्च १,०५,००० रुपये. बस्ता ६२,०००. सोने ६०,०००. संसाराची भांडी, पलंग आणि कपाट ५५,०००. कार्यालय, मंडप आणि रोषणाई ४५,०००. फेटे, टॉवेल, टोप्या आणि इतर मानपान २८,०००. घोडा, बँड आणि वरात २२,०००. छायाचित्रे व चित्रफीत १४,०००. पत्रिका बाराशे, त्यांचे ९,०००. भटजी, होमाचे साहित्य आणि किरकोळ १०,०००. एकूण ४,१०,०००. घरात होते साठ हजार. भविष्य निर्वाह निधीतून एक लाख उचलले. उरलेले अडीच लाख पतसंस्थेकडून कर्जाऊ घेतले.

हे कर्ज फेडताना दरमहा ४,४०० रुपये पगारातून कापले जात. असे ८४ हप्ते, म्हणजे पुरी सात वर्षे. शेवटचा हप्ता २०१५ साली, निवृत्तीच्या आदल्या वर्षी गेला. मी गणित शिकवणारा मनुष्य. पण ४,४०० ला ८४ ने गुणून पाहण्याचे धैर्य मला कर्ज फिटल्यावरच झाले. ३,६९,६०० येतात. घेतले अडीच लाख. म्हणजे व्याज झाले १,१९,६००. चौदाशे माणसे जेवली त्याचा खर्च एक लाख पाच हजार, आणि त्याहून अधिक नुसते व्याज! ज्या व्याजाचा घास कोणाच्याही मुखात गेला नाही, ते त्या लग्नातले सर्वांत महाग पान होते.

बरे, या खर्चाने शोभा तरी आली का? मुहूर्त १२ वाजून २७ मिनिटांचा होता. प्रतिष्ठित मंडळींचे सत्कार सुरू झाले. प्रत्येकाला फेटा, प्रत्येकाचे दोन शब्द. ध्वनिक्षेपकावर नावे पुकारली जात होती, आणि ज्यांची नावे राहिली ते रुसत होते. मे महिन्याच्या उन्हात नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना घामाने भिजत उभी. पावणेदोन वाजून गेल्यावर अक्षता पडल्या. अक्षतांसाठी म्हणून वीस किलो तांदूळ रंगवला होता, तो पायदळी गेला. दुष्काळात मिलो खाल्लेल्या मला त्या लाल झालेल्या तांदळावरून चालताना काही वाटले नाही, याचेच आज आश्चर्य वाटते. जेवणाचे सांगितले होते हजार पानांचे, माणसे उठली चौदाशे. शेवटच्या पंगतीला आचाऱ्याने वरणात पाणी घातले, आणि लग्नाचे पुढे जे नाव निघाले ते त्या पाण्यावरून निघाले.

याहून मोठी गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी कळली. एका दिवाळीत थोरली माहेरी आली असता मी सहज विचारले, "बाई, तुझ्या लग्नातले तुला काय आठवते?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, मंगलाष्टके चालू असताना मी आईला शोधत होते. मामा मागे उभा होता, तुम्ही पाहुण्यांत होतात, आई कुठेच दिसेना." तिची आई तेव्हा कोठीच्या खोलीत होती. किल्ल्या तिच्या कनवटीला, साखरेचे पोते फोडावयाचे होते, आणि माणसे हजाराच्या वर गेल्याची वर्दी आचाऱ्याने तिलाच दिली होती. आपल्या मुलीच्या डोक्यावर अक्षता पडताना तिने पाहिले नाही. ही गोष्ट तिने मला त्या दिवशीही सांगितली नव्हती आणि नंतरही नाही. चार लाख दहा हजार रुपये खर्चून मी एका आईला तिच्या मुलीचे लग्न पाहू दिले नाही, असा त्या वहीचा खरा हिशेब आहे.

आणि धाकटी? ती २०११ साली बारावी झाली. गुण चांगले होते. तिला औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेला जावयाचे होते. हप्ता चालू होता. वसतिगृह आणि फी मिळून जी रक्कम होत होती ती माझ्या उरलेल्या पगारातून निघत नव्हती. मी तिला जवळच्या महाविद्यालयात बी. एस्सी. करावयास सांगितले. तिने केले. एका शब्दाने ती बोलली नाही. मुली बोलत नाहीत, आणि आपण समजतो की त्यांना काही वाटले नाही.

बंधुभगिनींनो, थोड्या खर्चात लग्न करण्याचा विचार काही आजचा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात समाजाच्या पद्धतीने पहिले लग्न लागले. त्या पद्धतीचा एक मोठा हेतू हाच होता की गरिबाला लग्नापायी सावकाराच्या दारी जावे लागू नये. संत गाडगेमहाराज तर आयुष्यभर कीर्तनातून हेच सांगत फिरले, की ऋण काढून सण आणि लग्न करू नका. ज्ञातिसंस्थांच्या परिषदांतूनही लग्नखर्च कमी करण्याचे ठराव कित्येकदा झाले. ठराव एकमताने होतो, टाळ्या पडतात, आणि ठराव मांडणाऱ्याच्याच घरी पुढच्या वैशाखात दोन हजार पाने उठतात. यात ढोंग असते असे मला वाटत नाही. 'लोक काय म्हणतील' हे भय असते, आणि ते भय मलाही होते.

ते भय थोडा काळ कायद्याने दूर केले. करोनाच्या साथीत, २०२० साली, लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये ती पंचवीसवर आणि दोन तासांवर आली. त्या दोन वर्षांत आपल्या नात्यातली कितीतरी लग्ने अंगणात, ओसरीवर, देवळाच्या सभामंडपात झाली. ती साथ मोठी क्रूर होती, तिने आपल्यातली माणसे नेली. तिचे गुणगान मी करणार नाही. परंतु त्या लग्नांपैकी दोन लग्ने मी पाहिली, आणि तेथे आईबाप दोघेही मुलीच्या शेजारी उभे होते, हे माझ्या ध्यानात राहिले. २०२२ च्या गुढीपाडव्याला राज्यातले निर्बंध उठले. उठल्याबरोबर लोकांनी मागची उणीव भरून काढावी तशी लग्ने सुरू केली. लग्नाआधी छायाचित्रे काढावयास परगावी जाणे, आकाशात फिरणारे छायायंत्र, पडद्यावर दिसणारी नवरी. नवरी दहा हातांवर बसलेली आणि लोक तिला पडद्यावर पाहतात!

याच सुमारास धाकटीचे जमले. बैठक आमच्या घरी होती. मुलाचे वडील राज्य परिवहनच्या गाडीवर वाहक म्हणून निवृत्त झालेले. चहा झाला, पानसुपारी झाली, आणि मी सवयीने कागद-पेन्सिल पुढे ओढले. तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, यादीचा कागद ऱ्हाऊ द्या. आधी तुमच्याजवळ किती हाय त्ये सांगा, मी माझ्याजवळ किती हाय त्ये सांगतो. कर्ज न काढता दोघांचं मिळून जेवढं व्हईल, तेवढ्यातच लगीन."

बैठकीत असे बोलणे मी जन्मात ऐकले नव्हते. मी चाचरत सांगितले की तीन लाख बाजूला ठेवले आहेत. ते म्हणाले, "माझ्याकडं दीड हाय. पर समदं खर्चायचं न्हाई. दोन्हीकडनं पाऊण-पाऊण लाख काढू. दीड लाखाच्या वर एक रुपया जायचा न्हाई. तुमचं उरंल ते पोरीच्या नावावर ठिवा."

आत दाराआड उभी असलेली माझी मुलगी तेव्हा बाहेर आली आणि तिने होणाऱ्या सासऱ्याच्या पाया पडली. मला त्या क्षणी फार लाज वाटली आणि फार बरेही वाटले.

माझे सांगणे यातच आले आहे, तरी ते स्पष्ट करतो. लग्नाचा खर्च बाजारात ठरत नाही, तो बैठकीत ठरतो. आणि बैठकीत वधूपिता काटकसर बोलू शकत नाही. त्याने बोलले तर तो कंजूष ठरतो, किंवा मुलगी जड झाली असे लोक म्हणतात. यास्तव हा शब्द वरपक्षाने आधी उच्चारला पाहिजे. आज येथे ज्यांच्या घरी उपवर मुलगे आहेत अशी पुष्कळ मंडळी बसली आहेत. मुलीच्या बापांना उपदेश करण्याची आपल्या मेळाव्याची जुनी रीत आहे. मला मुलाच्या बापांना विनंती करावयाची आहे. हुंडा देणे आणि घेणे दोन्ही १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे सर्वांना ठाऊक असते. 'आम्हाला हुंडा नको, फक्त लग्न थाटात करून द्या,' असे म्हणणारेही पुष्कळ भेटतात. थाट म्हणजे हुंडाच होय, तो फक्त व्याह्याच्या खिशात न जाता मंडपवाल्याच्या खिशात जातो. आणखी एक गोष्ट. १९८५ च्या नियमांप्रमाणे वधूवरांना मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवून तिच्यावर सह्या करावयाच्या असतात. बैठकीची यादी आपण न चुकता करतो, ही यादी मात्र कोणी करीत नाही. आम्ही केली. अर्ध्या तासाचे काम आहे.

आता पद्धत. आम्ही प्रथम माणसे मोजली, कारण पाने ठरली की बाकी सारे ठरते: जागा केवढी, भांडी किती, आचारी कोण, वाढपी हवेत की नकोत. नावे लिहावयास दोन्ही घरे एकत्र बसलो. पहिल्या कागदावर आमच्या बाजूची सहाशे नावे झाली. मग माझ्या पत्नीने एक कसोटी सांगितली. ज्यांच्या घरी आपण दुखण्याला आणि दुःखाला गेलो आहोत, आणि जे आपल्याकडे आले आहेत, त्यांनाच बोलवायचे. त्या कसोटीवर आमची नव्वद नावे उरली, त्यांची ऐंशी. एकशेसत्तर पाने. ती नव्वद नावे निवडावयास आम्हाला तीन रात्री लागल्या, आणि सगळ्या लग्नात कठीण काम ते एवढेच होते.

माणसे एकशेसत्तर म्हटल्यावर कार्यालयाची गरजच राहिली नाही. गावच्या घराचे अंगण पुरले. तिथी पाहताना भटजींना विनंती केली की दाट तिथी नको. त्यांनी फेब्रुवारीतला एक बुधवार काढून दिला, मुहूर्त सकाळी ९ वाजून ४० मिनिटांचा. त्या दिवशी तालुक्यात दुसरे लग्न नसल्यामुळे मंडपवाला, सनईवाले, आचारी सगळे मोकळे होते, आणि दर त्यांनी आपण होऊन कमी सांगितले. सकाळचे लग्न म्हणजे रोषणाई नको. फेब्रुवारीतले कोवळे ऊन मांडवाच्या झापांतून खाली पडत होते. त्याला पैसे पडत नाहीत, आणि इतकी सुंदर रोषणाई मी कोणत्याही कार्यालयात पाहिलेली नाही.

दुसऱ्या वहीतले आकडे वाचतो. हा दोन्ही घरांचा मिळून खर्च आहे. स्वयंपाक, साहित्य आणि मजुरी धरून ३५,०००. कपडे ३०,०००. मांडव, खुर्च्या आणि भांड्यांचे भाडे १८,०००. छायाचित्रकार एक, त्याचे १५,०००. सनई-चौघडा ७,०००. फुले ६,०००. भटजी व होमसाहित्य ५,०००. पत्रिका पन्नास, त्यांचे १,५००. इतर किरकोळ ७,५००. एकूण १,२५,०००. निम्मे माझे, म्हणजे ६२,५००. सोने यात धरलेले नाही. मंगळसूत्र त्यांनी केले, आणि आमच्याकडून तिच्या आईच्या पाटल्या मोडून तिला बांगड्या केल्या.

कपड्यांत एवढा फरक कसा पडला, असे भगिनींच्या मनात आले असेल. पहिल्या वेळी बस्ता बांधला तेव्हा तो एकट्या वधूपक्षाचा ६२,००० झाला होता, कारण त्यात देण्याघेण्याच्या साड्या होत्या. ज्यांनी त्या घेतल्या त्यांपैकी किती जणींनी त्या नेसल्या, आणि किती साड्या पुढच्या लग्नात दुसरीकडे गेल्या, हे आपण सगळे जाणतोच. दुसऱ्या वेळी वधूवर आणि दोघांचे आईबाप एवढ्यांचेच कपडे घेतले. मुलगी लग्नाला आईचा शालू नेसली. तो चाळीस वर्षांचा, काठ थोडे विरलेले. एका ओळखीच्या शिंप्याने आतून अस्तर लावून दिले. पाटावर बसल्यावर तिच्या मावशीने नुसते पाहिले आणि डोळ्याला पदर लावला.

जेवणात एक गोड आणि तेही भरपूर, असे ठरवले. बुफेत सतरा पदार्थ मांडले की माणूस चार चाखतो आणि तेरा टाकतो. आम्ही जिलबी, मसालेभात, साधा वरणभात, भरली वांगी, कोशिंबीर, पुऱ्या आणि मठ्ठा एवढेच केले. तांदूळ १४ किलो लागला, जिलबी २२ किलो. पंगती तीन झाल्या. वाढावयास दोन्हीकडचे भाचेपुतणे. मुले वाढू लागली की त्यांना उभ्या जन्माची ओळख होते, कोण मामा आणि कोण आत्या हे त्यांना कळते. भाड्याच्या वाढप्याला ते कशाला कळेल? मठ्ठा मात्र कमी पडला. तिसऱ्या पंगतीला अर्धीअर्धी वाटी मिळाली. मी घाबरलो, पण व्याही हसत म्हणाले, "मठ्ठ्यापायी कुणी माघारी न्हेत न्हाई पोरीला."

पत्रिकांचे सांगावयाचे राहिले. पहिल्या वेळी बाराशे पत्रिका छापून मी दहा दिवस गावोगाव फिरलो होतो. हल्लीच्या पत्रिकेवर वधूवरांची नावे शोधावी लागतात, इतकी नावे निमंत्रकांची, आशीर्वाद देणाऱ्यांची आणि 'प्रमुख उपस्थिती'ची असतात. दुसऱ्या वेळी पहिली पत्रिका कुलदैवताला ठेवली, मोजक्या वडीलधाऱ्यांना घरी जाऊन अक्षत दिली, बाकीच्यांना भ्रमणध्वनीवरून कळवले. आहेर आणू नये असे त्यातच लिहिले. येथे तरुणांना एक सूचना करतो. पाकिटे येतील आणि त्यातून आचाऱ्याचे भागेल, असा हिशेब कधी धरू नये. तो हिशेब धरला की पाने वाढवण्याचा मोह होतो. सत्कार, भाषणे, फेटे, टॉवेल-टोपी यांना पूर्ण फाटा दिला. मुहूर्त ९ वाजून ४० मिनिटांचा होता, आणि लग्न ९ वाजून ४० मिनिटांनीच लागले! शाळेची घंटा अडतीस वर्षे वेळेवर दिली, त्याचे एवढे फळ तरी मला मिळावे.

मंगलाष्टके मुलीच्या दोन आत्यांनी आणि वराच्या बहिणीने म्हटली. ध्वनिक्षेपक नव्हता, त्यामुळे ऐकावयाचे तर गप्प राहणे भाग होते. वडीलधाऱ्यांच्या हाती चिमूट-चिमूट अक्षता आणि बाकीच्यांना शेवंतीच्या पाकळ्या दिल्या होत्या. लग्नाची नोंदणी राज्याच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे करावी लागते. गावी ग्रामपंचायतीत त्याच आठवड्यात ती उरकली. पुष्कळ कुटुंबे हे काम टाळतात, आणि पुढे पासपोर्टाच्या वेळी धावपळ करतात.

कोठीच्या किल्ल्या या वेळी माझ्याकडे होत्या. मुहूर्ताच्या पंधरा मिनिटे आधी मी कोठीला कुलूप लावले, आचाऱ्याला सांगितले की आता अर्धा तास काही मिळणार नाही, आणि पत्नीला घेऊन मांडवात गेलो. थोरली तिच्या दुसऱ्या बाजूस येऊन उभी राहिली. अंतरपाट दूर झाला तेव्हा माझी दृष्टी नवरीकडे नव्हती.

माझ्या तीन लाखांतून २,३७,५०० रुपये उरले. ते मुलीच्या नावे टपालखात्यात ठेवले. त्यातून तिने वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका पुरी केली आणि आता सासरच्या गावी एका रक्ततपासणी केंद्रात काम करते. २०११ साली जी वाट मी अडवली तीच ही नव्हे. वय वाढले, मधली बारा वर्षे गेली, त्यांचा हिशेब कोणत्याच वहीत बसत नाही.

हे सारे ऐकून आपणांस वाटेल की असे लग्न केल्याने काहीच तोटा होत नाही. तसे मी म्हणणार नाही. माझा एक चुलतभाऊ आहे. आमच्या पत्नीच्या कसोटीत त्याचे नाव बसले नाही, कारण मधल्या काळात जमिनीच्या बांधावरून आमचे जाणेयेणे तुटले होते. पण लहानपणी आम्ही एका ताटात जेवलो आहोत. लग्नाला बोलावले असते तर कदाचित तो आला असता, आणि बांध मिटलाही असता. बोलावले नाही, त्याने मनास लावून घेतले, आणि आजतागायत तो माझ्याशी बोलत नाही. गावी गेलो की तो समोरून येताना दिसतो आणि वाट बदलतो. कसोटी चांगली होती, पण एक नाव तिच्याबाहेर ठेवताना मी अधिक विचार करावयास हवा होता. नावे निवडताना आपणही तो करावा. पाचपन्नास पाने अशा माणसांसाठी राखून ठेवली तर दीड लाखाची मर्यादा काही मोडत नाही. आमच्याच हिशेबात पंचवीस हजार शिल्लक राहिले होते, आणि पन्नास पाने त्यात सहज बसली असती. गेल्या पाडव्याला मी त्याच्या घरी गेलो होतो. तो घरी नव्हता असे सांगण्यात आले. येत्या पाडव्याला पुन्हा जाणार आहे.

दोन्ही वह्या कार्यालयाच्या टेबलावर ठेवतो. ज्यांच्या घरी यंदा कार्य असेल त्यांनी उतरून घ्याव्यात. पहिलीची काही पाने सुटलेली आहेत, तेवढी जपून उलटावीत.